भाषा विभागाचं बातमीपत्र: चुका कुठे होतात

बातमीपत्र १ तारखेला निघायचं असेल, तर मजकुराची मुदत आदल्या महिन्याची २० तारीख ठेवा. प्रत्येक भाषेसाठी एकाच शिक्षकाचं नाव ठरवून घ्या. ‘सर्वांनी बातम्या पाठवाव्यात’ असं कळवलं की कुणीच पाठवत नाही.

एका बातमीला ८०-१०० शब्द पुरे. पहिल्याच वाक्यात कोणी काय केलं ते सांगा. ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ हे बिनदिक्कत कापा.

खरी डोकेदुखी नावांची. फ्रेंच, झेक, तुर्की नावांतली अक्षरांवरची चिन्हं पीडीएफमधून कॉपी करताना सुटी होतात, नाहीतर तिथे चौकोन उमटतो. म्हणून मजकूर फॉरमॅटिंग काढून, साधा करून चिकटवा आणि बिघडलेलं अक्षर त्या भाषेच्या कीबोर्डवरून पुन्हा टाइप करा. चिनी, जपानी, कोरियन आणि हंगेरियन नावांत आडनाव आधी येतं, पण परदेशात वावरणारे काही जण क्रम उलटा करतात. अंदाज नको, त्यांनाच विचारा. अरबी किंवा फारसी शीर्षक मराठी ओळीत घुसवलं की कंस आणि आकडे इकडचे तिकडे जातात. त्याला स्वतंत्र ओळ द्या.

परीक्षांच्या निकालातही हमखास घोळ होतो. भाषेची पातळी ठरवणाऱ्या युरोपीय चौकटीत ए१ सर्वांत सोपी पातळी, सी२ सर्वांत वरची. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत मात्र एन५ सोपी आणि एन१ कठीण, त्यामुळे ‘थेट एन५पर्यंत मजल’ असं छापलं की जपानीचे विद्यार्थी हसतात. शिवाय या परीक्षेत बोलण्याची चाचणी नसते. तेवढ्या निकालावर ‘अस्खलित जपानी बोलते’ लिहू नका. फ्रेंचमध्ये बी२पर्यंत डेल्फ ही परीक्षा, सी१ आणि सी२साठी डाल्फ.

परदेशी पाहुण्याचं ऑनलाइन व्याख्यान असेल तर स्थानिक वेळेसोबत यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळही द्या. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत युरोप-अमेरिकेतल्या वेळेच्या फरकाचा नेहमीचा हिशेब तासाभराने चुकतो आणि पाहुणे रिकाम्या खोलीशी बोलत बसतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून घेऊ नका, मूळ फाइल मागवा. फोटोखालच्या ओळीत नावं डावीकडून द्या आणि फोटोतल्यांची संमती आधीच घ्या. पाठवण्यापूर्वी एक प्रत अँड्रॉइडवर आणि एक आयफोनवर उघडून बघा. अक्षरांची मोडतोड बहुतेक वेळा तिथेच दिसते.