संडासातून रक्त? आधी डबी द्या

मी आशा ताई, यवतमाळकडची. "जंतानं कॅन्सर होते का वो?" हे बाया वावरात निंदतानाही विचारतात. आपल्या पोट्ट्यांच्या पोटातल्या जंतांनी आतड्याचा कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. चीनमधल्या शिस्टोसोमा जापोनिकम या कृमीचा तसा संबंध संशोधकांना दिसला. तो आपल्याकडे नाही.

पण रक्त पडत असेल, तर "जंत असतीन" म्हणून नुसत्या गोळ्या गिळू नका. आधी दवाखान्यात संडासाची तपासणी करून घ्या. नमुना द्यायची डबी कोरडी, रुंद तोंडाची घ्या. आधी लघवी उरकून घ्या, मग कागदावर बसा. जिथं रक्त किंवा आव दिसते, तिथलं सुपारीएवढं काडीनं उचला. पाणी, माती लागू देऊ नका. डबी सकाळीच पोचवा. यष्टी चुकली तर सावलीत ठेवा, उन्हात नाही.

जंत निघाले तर डॉक्टर सांगतील ती गोळी. शाळेत १० फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोल, मोठ्यांना ४०० मिलिग्रॅम. पोटुशी असाल तर आधी सांगा.

गोळीनंतरही रक्त थांबत नाही, वजन घटते, शौचाची सवय बदलली? मग दुर्बिणीची तपासणी मागा. मूळव्याध म्हणून परत पाठवलं, तरी पुन्हा जा. बुढ्यांना तर हात धरून न्या. ते लाजेपायी सांगतच नाहीत.