अंधारखोलीत चित्रपटाची श्रेयनामावली : या चुका टाळा

संगणक येण्यापूर्वी चित्रपटाची श्रेयनामावली पुष्कळदा अंधारखोलीत आकार घेत असे. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने अक्षरे रेखाटायची, लिथ फिल्मवर, म्हणजे मधल्या करड्या छटा न ठेवता काळे आणि पारदर्शक असे दोनच भाग उमटवणाऱ्या फिल्मवर, त्यांचे छायाचित्र घ्यायचे आणि काळ्या पृष्ठभागावर पारदर्शक अक्षरे उमटलेली ती निगेटिव्ह मागून प्रकाश देऊन सिने-कॅमेऱ्याने टिपायची, अशी ही पद्धत होती. सांगलीत आम्ही काही जण ती अजूनही करतो, आणि अनुभवाने सांगतो की या कामात सर्वांत जपावा लागतो तो अनुस्वार.

धुळीच्या कणामुळे किंवा डेव्हलपरमधील (फिल्मवरची प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनातील) बुडबुड्यामुळे लिथ फिल्मवर सुईच्या अग्राएवढी पारदर्शक छिद्रे राहतात. असे छिद्र नेमके शिरोरेषेच्या वर पडले, तर प्रेक्षक तो अनुस्वार म्हणूनच वाचतो. छिद्रे लाल ओपेकने, म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या रंगाने, बुजवताना याच्या उलट चूकही होते. एकदा माझ्या हातून ‘संकलन’ या शब्दातला अनुस्वारच बुजला आणि रीळ धुऊन आल्यावर पडद्यावर ‘सकलन’ वाचावे लागले; ते श्रेय ज्याचे होते, त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तेव्हापासून निगेटिव्ह उजेडपेटीवर आणि मूळ कागद तिच्या शेजारी ठेवून, भिंगातून शब्दन् शब्द ताडून पाहिल्याशिवाय मी कुंचला हातात घेत नाही.

दुसरी चूक प्रकाशमानाची, म्हणजे छायाचित्र घेताना लिथ फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा याची, आहे. ते कमी पडले तर काळा भाग विरळ राहतो, छिद्रे वाढतात आणि ‘म’, ‘भ’ यांच्या गाठी भरून जातात. जास्त झाले तर अक्षरांच्या बारीक रेषा झिजतात आणि जोडाक्षरे तुटक दिसू लागतात. म्हणून प्रथम ‘ळ’, ‘क्ष’, ‘र्‍या’ अशा अवघड अक्षरांची एक चाचणीपट्टी काढावी.

लिथ डेव्हलपरचे दोन भाग वापरण्याच्या वेळीच एकत्र करावेत, कारण मिश्रण ट्रेमध्ये लवकर निकामी होते. त्याचे तापमान 20 अंश सेल्सिअसच्या आसपास हवे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतले पाणी सहज 30 अंशांच्या वर जाते, आणि तशा पाण्यात अक्षरांच्या कडा हाताबाहेर जातात. तेव्हा बर्फाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ट्रे ठेवावा. छपाईच्या कागदासाठी लावलेला पिवळसर दिवा येथे चालत नाही, लालच हवा.

चित्रित दृश्यावर अक्षरे आणायची असतील, तर दृश्य टिपल्यावर फिल्म कॅमेऱ्यात मागे घेऊन तिच्यावर दुसऱ्यांदा, या वेळी अक्षरांचा, प्रकाश पाडावा लागतो. दुसऱ्या वेळचा हा प्रकाश पहिल्यात केवळ भर घालतो, काहीही झाकत नाही. त्यामुळे कृष्णेच्या चमकत्या पाण्यावर पांढरी अक्षरे विरून जातात, तर घाटाच्या सावलीतल्या पायऱ्यांवर ठळक उठतात. दृश्य घेतानाच अक्षरांची जागा ठरवून तेवढा भाग गडद राखावा. बुजवायचे राहिलेले प्रत्येक छिद्र त्या गडद भागात चांदणीसारखे चमकेल, म्हणून कॅमेरा सुरू करण्यापूर्वी खोलीतला उजेड मालवून निगेटिव्ह पुन्हा एकदा पाहावी.

वेळेतही गल्लत होते. सेकंदाला 24 फ्रेम या हिशेबाने चार सेकंदांच्या पाटीला (पडद्यावर एका वेळी दिसणाऱ्या मजकुराला) 96 फ्रेम लागतात. पाटी सावकाश दोनदा मोठ्याने वाचावी आणि लागलेल्या वेळावरून फ्रेम मोजाव्यात.