अल्टरनेटर मोठा बसवला, पण खरी मेख वायरमध्ये होती

जादा दिवे आणि फ्रिज लावल्यापासून माझ्या जुन्या फोर-बाय-फोरची बॅटरी सारखी उतरायची. इंजिन चालू ठेवून सगळं लावलं की मल्टिमीटर बॅटरीवर १२.३ व्होल्ट दाखवायचा, म्हणजे चार्जिंग होतच नव्हतं. मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ४५ अँपिअरचा. त्याजागी ९० चा बसवला. ब्रॅकेटला वॉशर घालून पुली एका रेषेत आणली, नाहीतर पट्टा कडेने खातो. डिझेल गाडी असेल तर अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे का, हे आधी बघा. असला तर ब्रेक हलका करणारा बूस्टर त्याच्यावरच चालतो, म्हणून नव्यालाही पंप हवा!

आणि तरीही बॅटरीवर १३.२ च. अल्टरनेटरच्या टर्मिनलवर मात्र १४.२. एक व्होल्ट वाटेतच जिरत होता. जुनी चार्जिंग वायर बारीक, त्यात ती डॅशबोर्डवरच्या अँमीटरमधून (करंट दाखवणाऱ्या काट्यातून) फिरून यायची. एवढा करंट तिच्यातून नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, अँमीटर काढून व्होल्टमीटर लावला, २५ चौरस मिलिमीटरची केबल थेट बॅटरीपर्यंत नेली आणि बॅटरीजवळच १२५ अँपिअरचा फ्यूज टाकला. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टीही बदलली, खालचा रंग नीट खरवडून.

आता थोडी रेस दिली की सगळं चालू असतानाही बॅटरीवर १४.१ मिळतात.