फोडणीशिवाय गंज: चौदा कुत्र्यांचं जेवण कसं शिजवावं

वर्धा जिल्ह्यात देवळीच्या अलीकडे आमचं शेतातलं घर आहे. तिथे सध्या १४ कुत्री आहेत. कुणी गाडीखाली आलेलं, कुणाचे खरजेने केस गेलेले, दोन पिल्लं तर पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, ढिगात सापडलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, औषधपाणी अवघड असेल. ते डॉक्टर सांगतात तसं करायचं असतं, होऊन जातं. मला रडवलं ते जेवणाने. वीस वर्षं माणसांचा स्वयंपाक केलेला हात आपसूक लसणाच्या डब्याकडे जातो. तुमच्याकडे चार-सहा कुत्री जरी जमली असतील, तरी पुढची पद्धत कामी येईल.

१. भांडी आधी वेगळी करा

गंज म्हणजे मोठं पातेलं, सराटा म्हणजे उलथनं, परात, सगळं वेगळं. आणि ते चुलीच्या बाजूला ठेवा, स्वयंपाकघरात नको. हे मी पहिल्या महिन्यात केलं नव्हतं. घरी आलेल्या एका पाहुण्यांना माझ्या मुलाने ओट्यावरच्या गंजातला भात वाढला. त्यांनी दोनदा घेतला, आणि "खिचडी मऊ झाली, मीठ तेवढं कमी आहे" म्हणाले. आम्ही कुणी काही बोललो नाही.

२. बाजार मोजून करा

साधारण १५ किलो वजनाच्या, धडधाकट गावठी कुत्र्याला दिवसाला सव्वाशे ग्रॅम तांदूळ आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास मांस, असा माझा हिशोब. म्हणजे १४ जणांना पावणेदोन किलो कनकी, दोन किलो कोंबडी आणि पाव किलो मूगडाळ. हे दोन वेळचं मिळून. कनकी घ्या, अख्खा तांदूळ घेण्यात पैसे घालवू नका. तुटलेले दाणे लवकर शिजतात आणि मऊ होतात. कुत्र्याला भात पचतो. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याने पिष्ट पचवण्यात ते लांडग्याच्या कितीतरी पुढे गेलंय. नुसत्या भातावर मात्र ठेवू नका.

कोंबडीवाल्याकडून कलेजी-पोटा स्वस्तात मिळतो. कलेजी थोडीच घाला, रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्व जास्त होतं. कोहळं, म्हणजे लाल भोपळा, मिळेल तेव्हा उचला. पोट बिघडलेल्याला ते चांगलं.

घरचं सोयाबीन आहे म्हणून मी एकदा दोन किलो रात्रभर भिजवून, अर्धकच्चं शिजवून घातलं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट शिजवल्यावरच जातो. त्या रात्री गोठ्याकडे कुणी फिरकलं नाही, गायसुद्धा तोंड फिरवून उभी होती.

३. आधी मांस, मग भात

सात लिटर पाणी चुलीवर ठेवा. त्यात कोंबडी टाका, वर चिमूटभर हळद. पाऊण तासाने मांस काढून हाडं वेगळी करा. शिजलेलं हाड फुटतं ते टोकदार, आतड्यात रुतू शकतं. हे काम कंटाळवाणं आहे, तरी दुसऱ्यावर सोडू नका. हाडं खोल खड्ड्यात पुरा आणि वर दगड ठेवा. आमच्या शेरूने दगड न ठेवलेला खड्डा एका रात्रीत उकरला होता.

उरलेल्या पाण्यातच धुतलेली कनकी, डाळ आणि कोहळ्याच्या फोडी घाला. आता इथून हलायचं नाही. पऱ्हाट्यांचा जाळ भसकन पेटतो आणि भसकन विझतो, बुडाला भात कधी धरतो कळत नाही. फोन आला म्हणून मी अंगणात गेले होते, परत येईपर्यंत खाली दोन बोटं काळं. वरचा भात वाचवायला ढवळू नका, करपट वास सगळ्यात मिसळतो. ढवळण्याआधी वरचा अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या.

भात शिजला की मांस परत घाला, वरून दोन चमचे तेल.

कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं धुऊन, भाजून, पिठासारखी बारीक करून मिसळते; दोन कुत्र्यांमागे साधारण एका अंड्याचं टरफल. मिक्सरचं भांडं वेगळं ठेवा. आमच्याकडे त्याच भांड्यात जवसाची चटणी झाली आणि आठवडाभर जेवताना दाताखाली कचकच. पिल्लांचं आणि गाभण कुत्रीचं प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. घरच्या जेवणात खनिजं-जीवनसत्त्वांची कमतरता राहते, ती भरून काढायचं औषधही त्यांनाच विचारा.

४. फोडणी नाही म्हणजे नाही

सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कुत्र्याईले चव नाही लागत का वं? लसूण तरी टाक." त्यांचा जीव मोठा, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवला, वाळवला, भुकटी केली, तरी तोच परिणाम. आणि तो लगेच दिसत नाही, म्हणून फसगत होते. गावातल्या लग्नाचा उरलेला मसालेभात आणि वांग्याची भाजी मी आनंदाने घेऊन आले होते. दोन टोपली, फुकट. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. चौथ्या दिवशी लालीच्या हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासलं, महिनाभर औषध चाललं, ती वाचली. तेव्हापासून पंगतीचं उरलेलं मी फक्त साधा भात आणि पोळ्या असतील तरच घेते.

शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट विषारी. हे पोळ्याच्या दिवशी घरातल्या पोरांना पुन्हा सांगा, कारण त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात काहीतरी गोड असतं आणि मन मोठं झालेलं असतं. दूधही मोठ्या कुत्र्यांना बरेचदा मानवत नाही, पातळ ताक त्यापेक्षा बरं.

५. परातीत पसरा

गरम भात झाकून ठेवू नका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. झाकलेला गंज दुपारपर्यंत आंबतो. शिजल्यावर लगेच परातीत पसरा, बोट घालून बघा, कोमट झाला की वाढा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर, दोनच वेळा. संध्याकाळचा भाग फ्रीजमध्ये जात नसेल तर दोनदा शिजवा, त्याला इलाज नाही. पाणी मात्र दिवसभर सावलीत भरलेलं हवं. एरवी १५ किलोच्या कुत्र्याला लिटरभर पुरतं, उन्हाळ्यात जास्त ठेवा.

६. वाढताना

प्रत्येकाची थाळी वेगळी, दोन थाळ्यांत चार-पाच हात अंतर. दांडगी आधी बांधा, भित्री कोपऱ्यात. भांडण लागलं तर मधे हात घालू नका, बादलीभर पाणी ओता. तरी दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून स्वतः डॉक्टर होऊन ठरवू नका. चुना, हळद, तिखट, यातलं काहीही जखमेवर लावायचं नाही.

७. उपाशी आलेलं कुत्रं

हाडं मोजता येतील असं कुत्रं आलं की आपला जीव तुटतो आणि आपण थाळी भरून ठेवतो. तसं करू नका. खूप दिवसांच्या उपासावर एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातले क्षार कोलमडतात, जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी पाव खुराक, तोही पाच-सहा वेळा थोडा-थोडा, आणि डॉक्टरांना दाखवून. आठवडाभरात हळूहळू पूर्ण.

राहिला गंज. रात्रीच पाणी घालून ठेवा, सकाळी राखेने घासा. साबण वापरलाच तर तीनदा धुवा. भुऱ्याला वास आला की तो थाळीकडे बघून सरळ बाजेखाली जाऊन बसतो.