कोब्याला रंग देताना या चुका टाळा

सांगलीत रंगकामाचे ठेके घेतोय त्याला आता बरीच वर्षं झाली. भिंतीचा रंग ठरवायला लोक आधी फोन करतात. जमिनीसाठी फोन येतो तो रंग सुटल्यावर, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "दादा, डबाच बोगस निघाला बघा." डबा क्वचितच बोगस असतो. जाऊन बघावं तर कोबा खालून ओला, नाहीतर काचेसारखा घोटलेला.

हे सगळं सिंगल कंपोनंट रंगाबद्दल लिहितोय. रंग कडक करणारा वेगळा हार्डनर मिसळायचा नाही, डबा ढवळायचा आणि थेट मारायचा. सोपा आहे म्हणून लोक जमिनीलाही तितकंच सोपं समजतात.

ओलीचं आधी सांगतो, कारण त्यात मी स्वतः हात पोळून घेतलेत. २०१९ चा महापूर ओसरला त्या वर्षीची गोष्ट. गावभागात एका किराणा मालाच्या गोदामात पाणी शिरलं होतं. चिखल धुऊन, पंखे लावून झाले, आणि शेठना दिवाळीचा माल उतरायच्या आत जमीन चकाचक हवी होती. मी कोब्यावरून तळहात फिरवला. कोरडा लागला. दोन हात मारले, धनत्रयोदशीला गोदाम आरशासारखं दिसत होतं. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला फोन आला. जाऊन बघतो तर जमिनीवर पुरीएवढे फुगे. एक खिळ्याने फोडला, तर आतून पाणी आलं, बोटाला चिकट लागणारं. साखरेच्या पोत्यांची थप्पी हलवली तर रंग बारदानाला चिकटून वर आला. खालच्या कोब्यावर पांढरा लोणा फुललेला. सगळं खरवडायला चार दिवस लागले, आणि ते पैसे माझ्या खिशातून गेले. शेठ काही बोलले नाहीत, नुसता चहा दिला. ते जास्त लागलं.

कोबा वरून आधी वाळतो. पोटातलं पाणी महिनोन् महिने वर येत राहतं आणि येताना क्षार घेऊन येतं. तळहाताला यातलं काही कळत नाही. तेव्हापासून मी प्लास्टिक लावल्याशिवाय भावसुद्धा सांगत नाही. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं आणि चारी कडा चिकटपट्टीने हवाबंद करायच्या. निदान सोळा तास हलवायचं नाही; मी सकाळी लावून दुसऱ्या दिवशी सकाळी काढतो. एक भिंतीलगत, एक मोरीजवळ, एक मधोमध. खाली दव धरलं किंवा तेवढाच चौकोन काळपट पडला, तर काम थांबवायचं. नदीकडच्या जुन्या घरात, जिथे कोब्याखाली प्लास्टिकचा कागद घातलेला नाही, तिथे मी ही परीक्षा श्रावणातही घ्यायला लावतो. एप्रिलमध्ये तिथलं प्लास्टिक कोरडं निघतं आणि लोक खूश होतात. श्रावणात दव धरलं तर मी सरळ सांगतो, रंग नको, शहाबादी बसवा.

नवा कोबा असेल तर २८ दिवस. वास्तुशांतीचा मुहूर्त काढताना हे कुणी भटजींना सांगत नाही आणि गवंडी म्हणतो आठ दिवस बास. ताज्या सिमेंटवर ऑइलपेंट मारणारेही बघितलेत. सिमेंटातला अल्क आणि रंगातलं तेल मिळून चक्क साबण होतो, मग जमीन चिकचिकते. ऑइलपेंट दारं-खिडक्यांना ठेवा.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे घोटलेला कोबा. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांनी सिमेंटची घोटाई अशी केलीय, की तांबड्या कोब्यात तोंड दिसावं. कौतुक आहेच, पण त्यावर रंग धरणार कशाला? पाण्याचे चार थेंब टाकून बघा. अळवावरच्या पाण्यासारखे गोल राहिले तर रंगही तसाच वर राहील. मिनिटभरात जिरले तर काम होईल. लोक यावर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओततात, अर्धवट धुतात आणि संध्याकाळी रंग मारतात. वापरायचंच असेल तर अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. नंतर इतकं धुवायचं की कंटाळा यावा, आणि पुन्हा पूर्ण वाळू द्यायचं. मी त्या भानगडीत पडत नाही. ग्राइंडरला डायमंड कप लावतो, हाताला पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागेपर्यंत फिरवतो. धूळ व्हॅक्यूमने ओढायची, वर ओलं फडकं. नुसत्या झाडूने धूळ उडते आणि तिथेच बसते.

गाडीच्या तेलाचे डाग आधी धुण्याच्या सोड्याने घासा, नाहीतर नेमका तिथूनच रंग सुटेल.

आता डबा निवडायचा. सिंगल कंपोनंटच्या डब्यावर "एपॉक्सी" लिहिलेलं बघून लोक फसतात. तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रेलिक असतो, त्यात थोडं एपॉक्सी रेझिन. हार्डनरवाल्या दोन डब्यांच्या एपॉक्सीइतका तो कठीण होत नाही. घरातली खोली, गॅलरी, जिना, दुचाकी लावायची जागा, यांना तो ठीक. गच्चीवर तर उलट अ‍ॅक्रेलिकच बरा, कारण एपॉक्सी उन्हात पिवळं पडतं आणि खडूसारखं पांढरं झडतं. पण लांबून चालवत आणलेली चारचाकी जिथे रोज उभी राहते, तिथे तापलेला टायर सिंगल कंपोनंटचा रंग सोलून नेतो. तिथे पैसे वाचवू नका. आणि फिकट रंग मागणाऱ्याला सांगलीत मी आधी विचारतो: इथे हळदीची पोती येणार का?

मारताना दोन पातळ हात. एका जाड हातात उरकणाऱ्याचा रंग वरून साय धरतो आणि खाली मऊ राहतो. पहिला हात डब्यावर लिहिलंय तेवढाच पातळ करायचा, जास्त नाही. दोन-तीन डबे असतील तर एका बादलीत एकत्र करा, नाहीतर खोलीच्या मधोमध छटा बदलेल. उघड्यावरच्या कोब्याला उन्हाळ्यात सकाळी हात लावू नका. कोबा तापत जातो तशी आतली हवा वर येते आणि रंगात टाचणीएवढी भोकं पडतात. ऊन उतरल्यावर सुरू करा. थंडीत मात्र दव पडायच्या आत आटपा.

बाथरूमबाहेर किंवा उतारावर दुसऱ्या हातात बारीक सिलिका वाळू टाका. आजी घसरल्यावर टाकण्यात अर्थ नाही.

रंग आधीच सुटलाय? त्यावर नवा हात मारून झाकू नका. ब्लेडने फुली मारायची, चिकटपट्टी दाबून बसवायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीबरोबर रंग आला तर तो सगळा खरवडायचा. चांगला दिसणारा कोपराही अशी पट्टी लावून तपासा, मी तिथेच दोनदा फसलोय.

दुसऱ्या दिवशी अनवाणी चालता येतं, म्हणून लगेच गॅसची टाकी फरफटत आणू नका. आठवडाभर थांबा. फ्रिज त्यानंतरही उचलूनच आत घ्या.