मेघालयातल्या गुहांचा सर्व्हे: ठाण्यातून निघण्याआधीच या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतून परदेशी केव्हर्सच्या (गुहा शोधून मोजणाऱ्यांच्या) टीमसोबत मेघालयात जाणाऱ्यांचे पाय सह्याद्रीत तयार झालेले असतात. पण आपली लेणी बेसॉल्टमध्ये कोरलेली. तिथल्या बहुतेक गुहा पाण्याने चुनखडक विरघळवून केलेल्या. क्रेम लियात प्राह ही गुहा एकटीच 30 किलोमीटरहून लांब आहे. तिथे मोजमाप बिघडलं की अख्ख्या टीमचा दिवस फुकट जातो.

सगळ्यात मोठा घोळ होतो डिस्टोएक्सच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे यंत्र अचूक दाखवेल असं जुळवून घेण्यात. हे लेझर यंत्र अंतर, दिशा आणि चढउतार एकदम मोजतं. सोसायटीच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये ते कॅलिब्रेट करू नका. स्लॅबमधल्या सळया आणि गाड्यांचं लोखंड दिशा बिघडवतं. येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर, विजेच्या तारांपासून लांब जा. 14 दिशा, प्रत्येक दिशेला यंत्र चार अंगांवर वळवून एकेक शॉट (लेझरचं एक मोजमाप), म्हणजे 56 शॉट. बॅटरी बदलली की हे सगळं पुन्हा करायचं, कंटाळा चालत नाही.

गुहेत हेल्मेटवरचा लॅम्प आणि स्टीलचं कॅराबिनर हाच त्रास देतात. दिशा 2 अंशांनी चुकली तर 10 मीटरच्या लेगचं (दोन स्टेशनमधल्या, म्हणजे मोजणीच्या खुणांमधल्या अंतराचं) टोक 35 सेंटीमीटर सरकतं. म्हणून लेग उलट बाजूनेही मोजा. फरक 2 अंशांच्या वर गेला तर लॅम्प लांब धरून पुन्हा शॉट घ्या. तरीही राहिला तर स्टेशनचा बिंदू नेमका तोच आहे का ते पाहा. प्रत्येक लेगला फरक येत असेल तर कॅलिब्रेशन गेलंय. आणि स्केच तिथल्या तिथे, स्केलवर काढा. कॅम्पवर आठवून काढलेला नकाशा आम्ही धरत नाही.

दोराचंही तसंच. मुंब्र्याला क्लाइंबिंगसाठी वापरता तो डायनॅमिक (ताणला जाणारा) दोर इथे नको. जुमारिंग करताना (दोरावर पकडी सरकवत वर चढताना) तो ताणतो-आखडतो आणि चुनखडकाच्या धारेवर घासत राहतो. आवरण फाटायला वेळ लागत नाही. 9 ते 10.5 मिलिमीटरचा सेमी-स्टॅटिक (फार कमी ताणणारा) दोर घ्या. दोर कड्याला टेकतो तिथे त्याच्या खाली रिबीले करा (दोर खडकाला पुन्हा बांधा), म्हणजे पुढचा दोर मोकळा लोंबेल. खालच्या टोकाला गाठ हवीच. काउटेल (हार्नेसपासून स्वतःला अडकवायचा आखूड दोर) मात्र डायनॅमिक दोराचीच.

फेब्रुवारी-मार्चमध्येही पाऊस पडू शकतो. छताच्या फटीत काटक्या, पानं अडकलेली दिसली तर पूर तिथपर्यंत चढतो असं समजा आणि ढग दिसत असताना आत शिरू नका.

विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, केबिन बॅगेत ठेवा. माणशी तीन स्वतंत्र लाइट हवेत.