रानमोडी फुलायच्या आधी उपटा

कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) कडेला रानमोडी हे तण दिसलं की कोयता चालवू नका. छाटली की बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात. ती मुळासकटच काढावी लागते. चवथ (गणेश चतुर्थी) ते दिवाळी हा काळ उत्तम, कारण माती ओली असते आणि झाड अजून फुललेलं नसतं. ओळख सोपी: पानावर त्रिशूळासारख्या तीन शिरा, चुरगाळलं की उग्र वास. उपटल्यावर मुळांची माती झटका, रोपं दगडावर उलटी वाळवा, मग माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला. फुलं आली असतील तर आधी तुरे कापून गोणपाटात भरा. केसाळ बिया वाऱ्याने उडतात, कपड्यांनाही चिकटतात. ही मूळची अमेरिका खंडातली. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून डोंगरावर ती पसरतच जाते आणि आपल्या रानातली कोवळी रोपं तिच्या सावलीत गुदमरतात.